पुरवणी पान

[दृश्य: टेबलावर पसरलेला सर्वेक्षणाचा छापील फॉर्म. कॅमेरा आडव्या ओळींवरून सरकत शेवटच्या ओळीपाशी थांबतो.]

घरात माणसं किती, हे फॉर्म छापणाऱ्याला कधीच माहीत नसतं. म्हणून कुटुंबाच्या फॉर्मवर ठरावीक ओळी छापत. एका माणसाला एक ओळ. नाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, शिक्षण. ओळी संपल्या आणि माणसं उरली, की पुरवणी पान जोडायचं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ ची. तिचं काम मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं सांभाळलं. पुढे २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत प्रगणकांच्या हातात कागदाच्या जागी छोटे संगणक आले. कागद गेला, पण घरातली माणसं मोजणं काही सुटलं नाही. त्याच प्रश्नांचं पान पुन्हा पुन्हा विचारायची गरज होती तिथेच आहे.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. सर्वेक्षणाचा फॉर्म तयार होतोय.]

आज एखादी छोटी संस्था, महाविद्यालयाचा एखादा विभाग किंवा वस्तीतलं मंडळसुद्धा गूगल फॉर्म्सवर सर्वेक्षण बनवतं. तिथे पानाला सेक्शन म्हणतात. सेक्शनच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले, की ड्युप्लिकेटचा पर्याय येतो. एक क्लिक केलं की पहिल्या सदस्याच्या पानाखाली तसंच दुसरं पान हजर. प्रश्न तेच, पर्याय तेच, कुठलं उत्तर सक्तीचं तेही तेच. आठ प्रश्न पुन्हा टाइप करायचे वाचतात. ही सोय मला मनापासून आवडते.

मात्र प्रत काढताना पानातल्या चुकाही सोबत येतात. पहिल्या पानावर ‘शिक्षण’च्या पर्यायांत ‘शाळेत गेले नाही’ राहून गेलं असेल, तर सहा सदस्यांच्या सहाही पानांवर ते राहून जातं, आणि मग सहा ठिकाणी दुरुस्ती. म्हणून माझा आग्रह एवढाच, की पहिलं पान तीन-चार घरांत भरून पाहा, पक्कं करा आणि मगच त्याची प्रत काढा.

[दृश्य: कागदावर पेनानं काढलेल्या चौकटी, एकीकडून दुसरीकडे जाणारे बाण.]

खरी गफलत उड्यांमध्ये होते, म्हणजे कुठल्या उत्तरानंतर कुठलं पान उघडायचं हे ठरवताना. माझ्याच हातून झालेली सांगतो. प्रत्येक सदस्याच्या पानाच्या शेवटी प्रश्न होता, ‘घरात आणखी कुणी आहे का?’ ‘नाही’ म्हटलं की घराच्या माहितीचं पान. दुसऱ्या सदस्याच्या पानावर ‘होय’ म्हटलं की तिसऱ्याचं. हे दुसरं पान कॉपी करून मी तिसरं केलं, शीर्षक बदललं, पण ‘होय’ची उडी बदलायची राहिली. ती तिसऱ्याच पानावर जात होती, म्हणजे पान फिरून स्वतःवरच येत होतं. चौथ्या माणसाच्या वेळी प्रगणक मुलींना तिसऱ्याचं भरलेलं पान पुन्हा दिसायचं. त्यांना वाटलं, ते असंच चालतं. आधीची उत्तरं पुसून त्या नवी भरत गेल्या. दोन दिवसांनी उत्तरांची शीट उघडली, तर एकाही घरात चौथं माणूस नाही! त्या सगळ्या घरांत त्यांना पुन्हा जावं लागलं. एका आजींनी दारातच विचारलं, “अगं, परवा सांगितलं की सगळं.” ते मला अजून टोचतं, कारण त्या आजींचा वेळ माझ्या चुकीनं गेला.

[दृश्य: उत्तरांची शीट. शेजारी शेजारी ‘वय’, ‘वय’, ‘वय’ असे रकाने.]

हे रकाने बघा. तिन्ही पानांवर प्रश्नाचं नाव ‘वय’च, म्हणून शीटमध्येही तीन ‘वय’. कुणाचं कोणतं? प्रत काढल्याबरोबर ‘सदस्य १ : वय’, ‘सदस्य २ : वय’ असं लिहायला दोन मिनिटं लागतात. नंतर उलगडायला बसलात तर अख्खी दुपार जाते.

मराठीत फॉर्म बनवणाऱ्याला आणखी एक काम असतं. वडिलांच्या पानाची प्रत काढून आईचं पान करायचंय. ‘तुमचे वडील किती शिकले आहेत?’ इथे नुसतं ‘वडील’ काढून ‘आई’ घातलं, तर ‘तुमचे आई किती शिकले आहेत’ असं काहीतरी होतं. हवं असतं ‘तुमची आई किती शिकली आहे?’ विशेषण बदलतं, क्रियापद बदलतं. शब्द शोधून एकगठ्ठा बदलायची सोय इथे उपयोगी पडत नाही. प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचूनच दुरुस्त करावा लागतो. हा वेळ जरूर द्या. आपल्या आईबद्दल असं मोडकं वाक्य ऐकणारा माणूस पुढची उत्तरं मन लावून देत नाही.

[दृश्य: मोबाइलवर कोबोटूलबॉक्सचा फॉर्म.]

माणसं किती हे मुळीच ठरलेलं नसेल, तर पानं कॉपी करण्यापेक्षा वेगळी वाट धरावी. कोबोटूलबॉक्स या सर्वेक्षणाचे फॉर्म बनवायच्या साधनात सदस्याचे प्रश्न एका गटात बांधायचे आणि तो गट पुन्हा पुन्हा विचारता येईल अशी खूण करायची. पान एकच, घरात माणसं असतील तितक्यांदा ते उघडतं. डेटा एक्सेलमध्ये उतरवला, की सदस्यांची वेगळी शीट मिळते. दर माणसाला एक ओळ, आणि तो कुठल्या घरातला हे सांगणारा क्रमांक बाजूला. कागदावरच्या आडव्या ओळीच या, पण संपत नाहीत.

दोन-तीनच ठरलेली पानं असतील, आई, वडील, पालक, तर मात्र प्रत काढणंच सोपं. वाक्यं हवी तशी घडवता येतात.

[दृश्य: चाळीतला जिना. प्रगणक मुलगी मोबाइल घेऊन दारात उभी.]

फॉर्म पाठवण्याआधी मी आता सात माणसांचं एक खोटं घर भरून पाहतो. आजी, आजोबा, आई, बाबा, दोन मुलं, एक आत्या. प्रत्येकाचं वय वेगळं ठेवतो, म्हणजे शीटमध्ये कोण कुठे गेलं ते लगेच दिसतं. आत्याचं वय सातव्या सदस्याच्या रकान्यात दिसलं, की लिंक पाठवतो.