हा बैल तो नव्हं

नमस्कार श्रोतेहो.

संध्याकाळची वेळ आहे. कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणी धार काढून आत्ताच घरात आलं असेल. हातातलं काम थांबवू नका, फक्त रेडिओचा आवाज जरा वाढवा. अलीकडं मी टीव्हीवर, मोबाईलवर काय काय पाहिलं आणि ते मला कसं वाटलं, एवढंच सांगायचंय. गुडघ्याचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी दीड महिना घराबाहेर पडू दिलं नाही. मग काय, खाटेवर मी आणि उशाला मोबाईल. नातीनं लावून द्यायचं आणि मी बघायचं.

आधी ‘पंचायत’ पाहिली. हिंदी मालिका आहे. पहिला सीझन २०२० साली आला, चौथा २०२५ च्या जूनमध्ये. फुलेरा नावाचं उत्तर प्रदेशातलं गाव. कागदावर प्रधान आहेत मंजूदेवी, म्हणजे नीना गुप्ता, आणि कारभार हाकतो त्यांचा नवरा, म्हणजे रघुबीर यादव. आता हे मराठवाड्यातल्या माणसाला फोड करून सांगायची गरज आहे का? आपल्याकडं २०११ पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, आणि ‘सरपंचपती’ हे पद कुठल्याच कायद्यात नसताना जीपच्या काचेवर मात्र रंगवलेलं असतं. पहिल्या सीझनमध्ये चाकाच्या खुर्चीवर अख्खा एक भाग आहे. सचिव नवी खुर्ची आणतो, तिच्यावरून लग्नातला नवरदेव रुसतो, बस्स, एवढंच. एवढ्याशा गोष्टीत गाव दिसतं. चौथ्यात सगळी निवडणूकच. एका पार्टीचं चिन्ह दुधी भोपळा, दुसऱ्या पार्टीचं प्रेशर कुकर. हसू येतं, नाही असं नाही, पण मला ते ताणल्यासारखं वाटलं. कोण निवडून येतं ते सांगत नाही. शेवट सांगणाऱ्या माणसाला पंगतीत शेवटी बसवावं असं माझं मत आहे.

मग ‘लापता लेडीज’. किरण राव यांचा, १ मार्च २०२४ ला लागलेला. गोष्ट २००१ सालची. रेल्वेच्या एकाच डब्यात दोन नव्या नवऱ्या, दोघींच्या तोंडावर घुंगट, आणि रात्रीच्या गडबडीत नवरदेव दुसऱ्याचीच बायको घेऊन उतरतो. अदलाबदल. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. अदलाबदल झालीय हे आपल्याला सुरुवातीलाच कळतं, लपवून काही ठेवलेलं नाही. आता त्या पोरी घरी कशा पोचतात, ते बघत बसायचं. त्यात स्टेशनावर चहाची टपरी चालवणारी मंजू माई आहे, ते काम आपल्या छाया कदम यांनी केलंय. ‘सैराट’मध्ये हैदराबादला आर्ची-परश्याला आसरा देणारी अक्का, ती हीच. पुण्यामुंबईच्या माणसाला हैदराबाद म्हणजे लांबचा मुलूख वाटतो. आपलं तसं नाही. नांदेडच्या माणसाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, आणि आमच्या आज्याच्या बोलण्यात तर ते राजधानीचंच गाव होतं. असो, कुठं निघालो होतो मी.

‘सैराट’चं नाव निघालंच आहे तर सांगतो. तो आला २९ एप्रिल २०१६ ला. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. आम्ही लातूरला थेटरात बघितला, तर मध्यांतरात समोशापेक्षा पाण्याच्या बाटलीला गर्दी जास्त. गाणी लागली की पोरं खुर्चीवर उभी राहून नाचायची. आणि शेवटी? एवढा गाण्यांनी गाजलेला सिनेमा, आणि शेवटी संगीतच नाही. गप्प. ते लहान लेकरू चालत येतं नि सगळं गप्प. परवा टीव्हीवर पुन्हा लागला तेव्हाही आमचं घर तसंच गप्प झालं. आणि आमच्या रोजच्या मराठी मालिका बघा. सासूनं चहात साखर कमी टाकली तरी ढण्‌ ढण्‌ ढण्‌, आणि तिचं तोंड तीन बाजूंनी तीनदा. तो ढोल वाजवणारा माणूस मला एकदा भेटायला हवा.

मालिकेतल्या खेड्याची भाषा हे माझं दुसरं दुखणं. खेडं कुठलंही असो, सगळे सारखंच ‘काय रं पावनं’ करतात. आपल्याकडं नांदेड-परभणीला ‘काय करायलास’ म्हणतात, लातूर-उदगीरला ‘येऊलालो, जाऊलालो’ चालतं. हे कधी कुणाच्या तोंडी ऐकलंय?

पण मुद्द्यावर येतो. आपल्याकडचा प्रेक्षक गोष्ट नंतर बघतो, आधी हात बघतो. पुन्हा सांगतो, आधी हात बघतो. माझी बायको मालिका बघते ती अशी. मागं एका मालिकेत नायिका रडत रडत भाकरी टाकत होती. घरातल्या पोरी तिच्यासोबत रडायला लागल्या, आणि आमची मंडळी म्हणते, “पाणी फिरवलंच न्हाई, आणि उलटली बी.” संपलं. ती नायिका पुढं तीन महिने रडत होती, पण आमच्या घरात तिच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

तर यावरून आमच्या आण्णांची गोष्ट. ज्यांनी माझ्या तोंडून आधी ऐकलीय त्यांनी पुन्हा ऐकावी, दर वेळी मला काहीतरी नवं आठवतं.

आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. वय ऐंशीच्या पुढं. मागच्या पोळ्याला मी गावी होतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे चोळून खांदेमळणी झाली, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणून झालं. आता गावात बैल राहिलेत किती? पूर्वी मारुतीला प्रदक्षिणा घालायला बैलांची रांग वेशीबाहेर जायची, आता अकरा जोड्या निघाल्या. आण्णांच्या दावणीला तर चार वर्षांपासून ट्रॅक्टर. त्यालाच बेगड चिकटवली होती.

त्याच रात्री पारावर सिनेमा ठेवला होता. आमच्याच तालुक्यातल्या कॉलेजच्या पोरांनी केलेला, पाऊण तासाचा. शाळेचा प्रोजेक्टर, आणि पडदा म्हणून मंगल कार्यालयातली पांढरी चादर. दिग्दर्शक पोरगं स्वतः आलं होतं, काळा चष्मा लावून. रात्री आठला काळा चष्मा.

सिनेमा असा. दुष्काळ पडतो. चारा नाही, म्हणून एक शेतकरी आपला बैल लांबच्या चारा छावणीवर नेऊन सोडतो. मग पाऊस होतो, शेतकरी जाऊन बैल घेऊन येतो, आणि पेरणीची घाई सुरू होते. बैल लाल कंधारी, आपल्या कंधारकडचा. इथं नीट ऐका. देवणी असता तर प्रश्नच नव्हता. देवणीच्या अंगावर काळे डाग असतात, कुणाचं तोंड काळं, कुणाच्या पोटाखाली ठिपके. एक बैल दुसऱ्यासारखा नाही. पण लाल कंधारी म्हणजे अंगभर एकच तांबडा रंग. दोन शेजारी उभे केले तर शहरातल्या माणसाला एकच बैल दोनदा दिसतो.

बैल छावणीतून घरी आला. शेतकऱ्याच्या बायकोनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. आणि पुढच्याच रांगेतून आण्णांचा आवाज.

“थांबीव रं ते.”

पोरानं थांबवलं. त्याला वाटलं म्हातारबाबांना लघवीला जायचंय.

“हा बैल तो नव्हं.”

सगळा पार शांत. पोरगं म्हणालं, “आजोबा, पुढं बघा की.”

“पुढचं काय बघू? मागचंच चुकलंय. पयल्या बैलाचा केसाचा भवरा कपाळाच्या मधोमध. ह्याचा डावीकडं, बोटभर वर. आणि शेपटीचा गोंडा बघ. त्याचा काळाभोर, ह्याच्यात पांढरे केस हायेत.”

झालं. गावात दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणाली बैल तोच आहे, वाऱ्यानं चादर हलायली म्हणून भवरा सरकल्यासारखा दिसतोय. मग दोन पोरं उठली, चादरीची टोकं दोन्हीकडून ताणून धरली, सिनेमा मागं घेतला. भवरा डावीकडंच. दुसरं कुणी म्हणालं, छावणीत सहा महिने उपाशी होता, बैल बदलतोच. आण्णा म्हणाले, “वाळला तर वशिंड उतरंल, गळ्याची पोळी लोंबंल. भवरा कसा वाळंल?” पुन्हा मागं घेतलं. शेवटी बाजारात बैलांची दलाली करणारे एक पाव्हणे पुढं आले. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, पडद्याजवळ गेले आणि त्या पोराला विचारलं, “दाताचा सीन न्हाई का?”

पोरगं म्हणालं, “कसल्या दाताचा?”

“बैलाच्या. वय दातावरनंच कळतंय. चार दाताचा चौदाती हाय का समदे दात आलेला जुळलेला, ते बघितल्याबिगर कसं सांगावं?”

बायकांच्या बाजूनं एक म्हातारी ओरडली, “बैलाचं कामून एवढं लावलंय? माणूस बदललं तर तुमच्या ध्यानात येत न्हाई!” त्यावर बायका अशा हसल्या की पाच मिनिटं सिनेमा लावताच आला नाही. आणि तो दिग्दर्शक? त्यानं चष्मा काढला होता. घडीघडी म्हणत होता, “दहा मिनिटं पुढं बघा, फक्त दहा मिनिटं.” कोण ऐकतंय! चौथ्यांदा मागं घेतलं आणि लाईट गेली. अकरापर्यंत वाट बघितली, आली नाही. लोक घरी गेले. शेवट कुणीच पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावात सिनेमाची गोष्ट कुणाला सांगता येईना, पण बैल बदललाय यावर मात्र एकमत झालं.

आता ऐका. दोन महिन्यांनी त्या पोरानं मला मोबाईलवर सिनेमा पाठवला. मी आण्णांच्या खाटेवर बसलो आणि जिथं लाईट गेली होती तिथून पुढं लावला. शेतकऱ्याची आठ-नऊ वर्षांची पोरगी बैलाला पाणी पाजते, त्याच्या कपाळावरून हात फिरवते, आणि बापाला म्हणते, “बा, हा आपला न्हाई.” बाप तिला गप्प करतो. पेरणी होते. आणि अगदी शेवटी, रात्री गोठ्यात, पोरगी झोपलीय असं समजून तो बैलाशी बोलतो. त्याचा बैल छावणीतच मेला होता. तिथल्या माणसानं दुसरा दिला, यानं मुकाट्यानं घेतला, कारण मिरगाचा पाऊस पडून गेला होता आणि पेरायच्या तिफणीला बैल पाहिजे होता. त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

म्हणजे श्रोतेहो, अदलाबदल. आण्णांनी जी चूक पकडली, तीच त्या सिनेमाची गोष्ट होती! दहा मिनिटं दम धरला असता तर पडद्यावरची पोरगी तेच म्हणणार होती. ‘लापता लेडीज’वाल्यांनी अदलाबदल आधी सांगितली, या पोरांनी लपवली. आणि लपवायला जागा कुठली निवडली, तर बैल. आमच्या गावात, पोळ्याच्या रात्री.

मी आण्णांकडं बघितलं. मोबाईल बंद झाला होता. ते म्हणाले, “मग म्या काय येगळं म्हणत होतो?”

मी त्या पोराला फोन करून सांगितलं. त्यानं मला दुसरीच कहाणी ऐकवली. एका स्पर्धेत हाच सिनेमा दाखवला, तर परीक्षक म्हणाले, दोन्ही बैल इतके सारखे आहेत की शेवट प्रेक्षकाच्या पचनी पडत नाही, काहीतरी खूण ठेवायला हवी होती. पोरगं मला विचारत होतं, “काका, आता दुसऱ्या बैलाला घंटा बांधू का काढू?” मी म्हटलं, आण्णांना विचारून सांगतो. आण्णा म्हणाले, “घंटा कशाला? बैल हाय तसा ठेव. बघणारे बदल म्हणावं.”

वेळ होत आलीय, काचेपलीकडून हात हलतोय. आणखी दोन-तीन सिनेमे सांगायचे होते, राहिले. मराठीत एवढ्यात खेड्यावरचे चांगले सिनेमे येतायत, थेटरला आठवडाभरच टिकतात, तेव्हा लागला की त्याच आठवड्यात जा. आणि पॉपकॉर्न घेऊ नका. त्या पैशात अर्ध्या घराचं गोडेतेल येतं.

गुडघा बरा झाल्यावर परवा गावी गेलो होतो. आण्णांना ‘पंचायत’चा चौथा सीझन लावून दिला. हिंदी निम्मी कळत नाही त्यांना, पण बघत होते. निवडणुकीचा प्रचार सुरू झाला, दुधी भोपळे घेऊन माणसं निघाली. आण्णा खाटेवर पुढं सरकले, मोबाईल डोळ्यांजवळ घेतला, आणि म्हणाले, “थांबीव रं जरा. मागं घे. त्या भोपळ्याचा देठ बघू दे.”

नमस्कार.