भाऊसाहेब आलेत का?

(माहितीपटाचे निवेदन)

[दृश्य: सकाळ. चावडीचं बंद दार, कुलूप. ओट्यावर बसलेली माणसं. मागे एसटीचा आवाज.]

चावडीचं कुलूप अजून निघालेलं नाही, पण ओट्यावर चार माणसं येऊन बसलीत. दोघं शेजारच्या वाडीवरून चालत आलेत. एकाला सातबारा हवाय, एकाला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अहवाल. कोपऱ्यात बसलेल्या आजींच्या मांडीवर कापडी पिशवी आहे. पिशवीत नवऱ्याचा मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि वारस नोंदीचा अर्ज. हा अर्ज घेऊन त्या तिसऱ्यांदा आल्यात.

तलाठ्याला गावात भाऊसाहेब म्हणतात. तलाठी बाई असल्या तरी कित्येक म्हाताऱ्यांच्या तोंडी भाऊसाहेबच येतं. 2024 मध्ये सरकारनं या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी असं केलं. गावानं ते अजून घेतलेलं नाही.

नऊ दिवसांच्या चित्रीकरणात आम्ही एक प्रश्न इतक्या वेळा ऐकला की शेवटी त्याचंच नाव या माहितीपटाला दिलं.

[दृश्य: शीर्षक. भाऊसाहेब आलेत का?]

[दृश्य: मोबाइल हातात धरलेली तलाठी, चावडीच्या पायरीवर. पडद्यावर गोल चौकट, त्यात चेहरा.]

हाच प्रश्न आता सरकारही विचारतंय, मोबाइलमधून. अ‍ॅप उघडायचं, ते आधी जागा शोधतं. ठरवून दिलेल्या परिघात तुम्ही असाल तरच पुढं जाता येतं. मग चेहरा चौकटीत आणायचा. सकाळचं ऊन डोळ्यावर आलं की चेहरा ओळखला जात नाही, म्हणून तलाठी मॅडम दोन पावलं मागं, दाराच्या सावलीत सरकतात. एकदा नाही झालं. दुसऱ्यांदा झालं.

2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी तलाठ्यापासून उपजिल्हाधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांची हजेरी फेस अ‍ॅपवर घ्यायला सांगितलं आणि पगार त्या हजेरीला जोडला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मुंबईत मंत्रालयाच्या दारावरही चेहरा ओळखून आत सोडणारी यंत्रणा बसली. मंत्रालयापासून चावडीपर्यंत हजेरीचं माप एकच झालं, चेहरा.

पण इथपर्यंतचा रस्ता सरळ नव्हता. त्यासाठी पाच वर्षं मागं जायला हवं.

[दृश्य: तहसील कार्यालय. लोखंडी कपाट उघडतं. हजेरीपटांची चवड. हात एक एक वही काढतात.]

हा हजेरीपट, म्हणजे कार्यालयाच्या भाषेत मस्टर. आडव्या ओळीत नावं, उभ्या रकान्यांत तारखा. निळ्या शाईत कर्मचाऱ्याची सही, लाल शाईत साहेबांचा शेरा. कुठं 'कि. र.', म्हणजे किरकोळ रजा. वर्षाला आठ मिळतात. तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा गेली, हे गणित इथं सगळ्यांना पाठ. अंगठ्याची यंत्रं आली, तरी बऱ्याच कार्यालयांत मस्टर टेबलावरून हललं नाही. वीज गेली, नेट गेलं, बोट उमटलं नाही, तर सही हवीच.

[दृश्य: फेब्रुवारी 2020 चं पान. कॅमेरा शेवटच्या रकान्यावर थांबतो.]

हे फेब्रुवारी 2020. या महिन्याचा शेवटचा दिवस, 29 तारीख, शनिवार. त्या दिवसापासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. सगळे शनिवार सुट्टीचे झाले आणि त्या बदल्यात रोजचं काम पाऊण तासानं वाढलं. वेळ ठरली सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. नव्या वेळेची सवय लागायच्या आत पुढचं पान आलं.

[दृश्य: मार्च 2020 चं पान. अर्ध्यापर्यंत सह्या. मग मोकळे रकाने.]

हे पान पडद्यावर थोडा वेळ राहू द्या.

[दृश्य: पान. बारा सेकंद. निवेदन नाही.]

मार्चमध्ये अंगठा लावणं आधी बंद झालं, कारण एकाच काचेवर सगळ्यांची बोटं टेकत होती. मग माणसं कमी करण्याचे आदेश निघाले. शासकीय कार्यालयांत आधी 25 टक्के उपस्थिती, आणि काही दिवसांतच 5 टक्के. जूनमध्ये मुंबईत ठरलं, 15 टक्के किंवा 15 माणसं, यांतला जो आकडा मोठा असेल तो. सप्टेंबरमध्ये गट अ आणि ब चे अधिकारी पूर्ण हजर, बाकीचे मुंबई परिसरासारख्या भागांत 30 टक्के आणि उरलेल्या राज्यात 50 टक्के. 2021 च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत आकडा पुन्हा 15 टक्क्यांवर आला.

सरकारनं तोवर कायम हजेरीची किमान बाजू मोजली होती, किती आले आणि कोण आलं नाही. या दीड वर्षात पहिल्यांदा कमाल मर्यादा आली. ठरलेल्या माणसांपेक्षा जास्त कुणी येऊ नये, हे पाहणं हे साहेबांचं काम झालं.

[दृश्य: कर्मचाऱ्याच्या फोनमधलं जुनं चित्रीकरण. भिंतीवरचं अंगठ्याचं यंत्र, त्यावर दुधाची पिशवी, वर चिकटपट्टी.]

हे आम्ही चित्रित केलेलं नाही. एका लिपिकानं तेव्हा आपल्या फोनवर घेतलेले हे सोळा सेकंद त्यांनी आम्हाला दिले. यंत्रावर धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी बांधली आहे.

[दृश्य: तेच जुने फोटो. जिल्हा परिषदेची शाळा, वर्गात सतरंज्या, दारात टेबल. गावाच्या वेशीवर आडवा बांबू.]

आणि नेमकं याच काळात ही माणसं सर्वांत जास्त कामावर होती. गावोगावच्या शाळांमध्ये विलगीकरणाच्या खोल्या उघडल्या गेल्या. मुंबई-पुण्याहून आलेल्यांची नावं लिहायला दारात टेबल लागलं आणि त्या टेबलामागं तलाठी, ग्रामसेवक, आशाताई, शिक्षक बसले. वेशीवरच्या चौकीवर रात्रपाळ्या लागल्या. या पाळ्यांची सही ना मस्टरवर आहे, ना यंत्रात. मार्च 2020 च्या पानावरच्या मोकळ्या रकान्यांतली कितीतरी माणसं त्या टेबलामागं होती. आमच्या लेखी या माहितीपटातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे, म्हणून ते पान इतका वेळ दाखवलं.

[दृश्य: शहरातली मोठी इमारत, सरकते दरवाजे, ओळखपत्रं.]

केंद्र सरकारच्या कार्यालयांत यंत्रं 8 नोव्हेंबर 2021 ला परत सुरू झाली. शेजारी सॅनिटायझरची बाटली, रांगेत अंतर. ओमायक्रॉन आला आणि 3 जानेवारी 2022 ला ती पुन्हा बंद झाली. 7 फेब्रुवारी 2022 पासून सगळ्यांनी कार्यालयात यायचं ठरलं, आणि थोड्याच दिवसांत यंत्रंही परतली. तरीही हजेरीचा आकडा भरेना. यंत्रणेत नाव नोंदलेलं, पण रोजची नोंद करायची नाही, असे कर्मचारी आहेत, हे 2023 मध्ये केंद्राच्या कार्मिक विभागालाच परिपत्रक काढून लिहावं लागलं. 2024 च्या जूनमध्ये बजावलं गेलं की सव्वानऊच्या पुढं आलात तर अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा जाईल.

रोजगार हमीच्या कामावर 1 जानेवारी 2023 पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोन फोटोंनी होऊ लागली. 2025 च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच राज्यांना कळवलं की कामावरच्या माणसांऐवजी फोटोचाच फोटो काढून चढवला जातोय. ज्या महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये देशात सगळ्यांत आधी केला, तिथल्या माणसाला हे वाचताना वाईट वाटतं.

[दृश्य: शेत. अवकाळीनं आडवा झालेला मका. चिखलात चपला. तलाठी मॅडम हातात चप्पल घेऊन बांधावरून चालतात.]

दुपारचे बारा. सकाळी चावडीच्या दारात चेहरा दाखवलेल्या मॅडम आता इथं आहेत. पंचनामा. शेतकरी बोट दाखवतो, त्या पाहतात, फोटो काढतात, गट नंबर विचारतात, क्षेत्र लिहितात, पंचांच्या सह्या घेतात. मग पुढचं शेत. एका बांधावर त्या थांबतात, कारण मालक सोबतच्या कागदावरची सही करता करता रडायला लागलाय.

[दृश्य: तोच बांध. आवाज फक्त वाऱ्याचा. निवेदन नाही.]

त्यांची स्वतःची एक सजा, म्हणजे एका तलाठ्याकडची गावं, आणि आणखी दोन सजांचा अतिरिक्त कार्यभार, मिळून सात गावं. 2023 च्या तलाठी भरतीत राज्यभरातून 4,644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. एवढ्या जागा रिकाम्या राहतात तेव्हा काय होतं ते इथं दिसतं. एका गावात पंचनामा चालू आहे आणि सहा चावड्यांच्या ओट्यांवर माणसं विचारत बसलीत. अ‍ॅपमध्ये मात्र सकाळीच हिरवी खूण आली आहे. ती खरी आहे. मॅडम हजर होत्या आणि आहेत. ओट्यावरच्या माणसाचं उत्तर त्या खुणेत नाही, एवढंच.

[दृश्य: लाकडी टेबल. जाड वही. वयस्क हात रकान्यांवरून फिरतो.]

उत्तर असलेली वही सरकारकडं फार पूर्वीपासून आहे. निवृत्त अव्वल कारकुनांनी ती आम्हाला उलगडून दाखवली. ही कार्यविवरण नोंदवही. टेबलावर आलेला प्रत्येक कागद इथं चढतो. कुणाकडून आला, कुठल्या तारखेला, विषय काय, निपटारा कधी झाला. आठवडा संपला की गोषवारा काढायचा. मागचे शिल्लक किती, नवे आले किती, गेले किती, उरले किती. तो गोषवारा साहेबांपुढं ठेवायचा आणि साहेबांनी सही करायची. आपल्या पहिल्या साहेबांची या पानावरची सही त्यांना अजून ओळखता येते. बोट त्या सहीवर ठेवून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

[दृश्य: लाल कापडात बांधलेले गठ्ठे. गाठ सुटते.]

आणि हे गठ्ठे. सहा गठ्ठे पद्धत. बैठकीवरची चालू प्रकरणं वेगळी, ज्यांच्या उत्तराची वाट पाहायची ती वेगळी, ठरावीक मुदतीची नियतकालिकं वेगळी, स्थायी आदेश वेगळे, अभिलेख कक्षात पाठवायची वेगळी, नष्ट करायची वेगळी. अहमदनगरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी 1980 च्या दशकात कार्यालयाची घडी बसवून दाखवली. ती लखिना पॅटर्न म्हणून राज्यभर गेली. पुणे विभागाचे आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी त्याच वाटेनं झिरो पेंडन्सी, म्हणजे एकही कागद शिल्लक न ठेवण्याची पद्धत, राबवली. टेबलावर कागद किती दिवस पडून आहे, हे मोजायला या मंडळींना कॅमेरा लागला नाही, रकाने लागले.

याच कपाटात एक पातळ वही सापडली, हालचाल नोंदवही. कार्यालय सोडून जाताना कुठं जातो, कशासाठी, किती वाजता परतणार, हे लिहून जायचं. आम्ही पाहिलेल्या वहीतली शेवटची नोंद महामारीच्या आधीची होती. त्यानंतरची पानं कोरी आहेत. चेहऱ्याचं यंत्र आल्यावर ही वही भरायची गरज उरली नाही, असं आम्हाला सांगितलं गेलं. आम्हाला ते पटत नाही. यंत्र माणूस आला ते सांगतं. ही वही तो आता कुठं भेटेल ते सांगते.

[दृश्य: भिंतीवरचा फलक. पुढं कपाट आल्यामुळं अर्धा झाकलेला. हात कपाट सरकवतो.]

2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं हा फलक प्रत्येक कार्यालयात लावायचा आहे. सेवा कोणती, किती दिवसांत मिळणार, देणारा अधिकारी कोण, अपील कुणाकडं. विनाकारण उशीर झाला तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. महिनाअखेर पगार काढताना हजेरीचा आकडा पाहिला जातो. या फलकावरचे दिवस पाळले गेले का, हेही त्याच वेळी, त्याच कागदावर पाहिलं जावं, एवढंच आमचं मागणं आहे.

[दृश्य: आजी. पिशवीतून कागद काढतात. टेबलावर फेरफाराची नोटीस.]

आजींचा अर्ज त्या दिवशी घेतला गेला. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागली. मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. तीन खेपांमध्ये त्यांची तीन दिवसांची मजुरी बुडाली.

[दृश्य: दुसऱ्या गावची चावडी. दाराशेजारी काळा रंग दिलेला भिंतीचा तुकडा. मॅडम खडूनं लिहितात.]

सातपैकी एका गावात मॅडमनी हे सुरू केलंय. दाराशेजारची हातभर भिंत काळी रंगवून घेतली. रंगाचे पैसे त्यांचे, ब्रश शाळेचा. सकाळी निघायच्या आधी त्या लिहितात. आज त्या भिंतीवर लिहिलंय: 'मंगळवार. सकाळी वाडीवर पंचनामे. दुपारी 3 नंतर इथं.' खाली फोन नंबर. तो आम्ही पडद्यावर झाकला आहे.

[दृश्य: तीच चावडी, दुपार. ओटा रिकामा. एक कुत्रं झोपलंय.]

[दृश्य: तीन वाजून पाच मिनिटं. रस्त्यावरून तीन माणसं येताना. एकाच्या हातात कागदाची सुरळी. मॅडमची गाडी वळणावर.]