बडाभाई, छोटाभाई

(दृश्य : पहाट. मोहाच्या झाडाखालची झाडून घेतलेली जमीन. फुलं पडतायत.)

मोहाचं फूल तोडावं लागत नाही. ते रात्री उमलतं आणि उजाडता उजाडता आपणहून खाली येतं. मार्च-एप्रिलमध्ये मध्य प्रदेशातल्या डिंडोरीच्या बाजूला कुठल्याही गावात पहाटे जाऊन उभे राहा, हा आवाज येणारच. जरा ऐका.

(निवेदन नाही. दहा सेकंद नुसता टपटप आवाज.)

ही फुलं वाळवून ठेवली की पुढे कित्येक महिने पुरतात. भुकेच्या दिवसांत पोटाला आधार होतो, आणि त्यांची दारूही होते. देवाला तीच, लग्नाला तीच, मयतालाही तीच. एकेकाळी गांधीजींच्या आश्रमात सूत कातणारा एक इंग्रज या दारूची बाजू घेऊन उभा राहिला. गोंडाची मोह बंद केलीत तर त्याचा सणच बंद कराल, असं त्याचं म्हणणं. आधी चर्चचा, मग गांधीजींचा, आणि शेवटी कुणाचाच नाही, असा हा माणूस. नाव व्हेरियर एल्विन. इथली माणसं त्यांना बडाभाई म्हणायची.

बडाभाई म्हटलं की छोटाभाई आलाच. हा छोटाभाई मराठी होता. शामराव हिवाळे.

ही फिल्म एल्विन यांच्यावर आहे असं सांगून आम्ही निघालो. गाडीत बसल्यावर कबूल केलं, की शोधायचंय ते छोट्याला.

(दृश्य : पुणे, शिवाजीनगर. रहदारी. मग आश्रमाची झाडं, बसकी कौलारू छपरं.)

गोष्ट सुरू होते ती मात्र जंगलात नाही, पुण्यात. १९२७ साली पंचविशीतला एक तरुण बोटीतून उतरला आणि इथे आला. वडील सिएरा लिओनचे बिशप होते, मुलगा लहान असतानाच वारले. ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य आणि धर्मशास्त्र, दोन्हींत पहिला वर्ग. तिथे राहिला असता तर तोही बिशप होऊन गेला असता. पण आपल्या घराण्यातल्या माणसांनी या देशातून पुष्कळ नेलं, एकानं तरी इथे काही द्यायला यावं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

तो आला ख्रिस्त सेवा संघात. हा संघ जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज पाद्र्यानं १९२२ मध्ये काढला, तोही अहमदनगरकडे; पुढे तो पुण्यात आला. विन्स्लोंवर प्रभाव होता तो रेव्हरंड ना. वा. टिळकांचा. ख्रिस्ताकडे जायला कोट-पाटलोण चढवावी लागत नाही, हे टिळकांचं सांगणं या इंग्रजानं फारच मनावर घेतलं. संघात खादी, जमिनीवर बैठक, शाकाहारी जेवण. एल्विन अनवाणी फिरायला लागले. लागले म्हणजे काय, त्यांना ते आवडलंच. त्या काळी पुण्याच्या कॅम्पात अनवाणी गोरा दिसणं म्हणजे काय असेल, याची कल्पना करून बघा.

इथेच शामराव भेटले. दोघं साधारण एका वयाचे. एक ऑक्सफर्डचा, सतत काहीतरी वाचणारा, बोलायला लागला की थांबेना असा. दुसरा मराठी ख्रिस्ती घरातला, माणसांत रमणारा. या मैत्रीचं कारण कुठे लिहून ठेवलेलं नाही. मैत्रीचं कारण लिहून ठेवतं तरी कोण.

(दृश्य : मुंबई, गावदेवी. मणिभवनचा जिना. कॅमेरा गच्चीवर येतो.)

ही गच्ची नीट बघून ठेवा. ४ जानेवारी १९३२, सोमवारची पहाट. गोलमेज परिषदेहून रिकाम्या हातानं परतलेले गांधीजी इथे तंबूत झोपलेले. त्यांचे पाहुणे म्हणून एल्विन आणि शामरावही याच गच्चीवर. पोलीस आले. सोमवार म्हणजे मौनवार, त्यामुळे अटक होत असतानाही गांधीजी बोलले नाहीत. कागदावर लिहून देत राहिले. एक चिठ्ठी एल्विन यांच्यासाठी होती. तिचा आशय असा, की तुमच्या देशबांधवांना सांगा, माझ्या देशबांधवांवर आहे तेवढंच माझं त्यांच्यावरही प्रेम आहे.

गाडी येरवड्याकडे गेली. गच्चीवर हे दोघं उरले.

मग त्यांनी काय करावं? आदिवासींमध्ये जा, असं वल्लभभाईंनी आधीच सुचवलेलं होतं. गोंडांकडे बघा, असं वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी सांगितलेलं होतं. महिना संपायच्या आत दोघं निघाले. आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. जवळ पैसा नाही. मागे संस्था नाही. गोंडांची भाषा येत नाही. आणि पोलीस मात्र आहेत, दोन पावलं मागे, वहीत नोंद करत.

(दृश्य : मैकल डोंगर. अमरकंटकहून उतरणारा घाट, सालाचं जंगल, धुकं.)

अमरकंटकला नर्मदा उगम पावते. तिथून डिंडोरीकडे निघालं की करंजिया लागतं. तेव्हा हा सगळा मंडला जिल्हा. करंजियाच्या वर टेकाडावर एक टोला, म्हणजे वाडी. तिथे यांनी माती आणि बांबूच्या झोपड्या उभ्या केल्या. एक राहायला, एक प्रार्थनेला, एक दवाखान्याला. सेंट फ्रान्सिसच्या नावानं आश्रम. ड्रोनसाठी आम्ही दोन दिवस थांबलो, धुकं काही हटलं नाही. एका अर्थी बरंच झालं. या डोंगरात १९३२ साली वरून कुणी बघत नव्हतं. चालत जायचं, नाहीतर बैलगाडी.

दवाखाना म्हणजे कुनैन, खरजेचं मलम, डोळ्यांत घालायचे थेंब. डॉक्टर दोघांपैकी कुणीच नाही. मलेरियानं एल्विन स्वतः वारंवार पडायचे. मग शाळा काढल्या. मग कुष्ठरोग्यांसाठी घर. पैशासाठी मुंबईला आणि इंग्लंडला पत्रांवर पत्रं. ही पत्रं आणि तिथली रोजनिशी वाचली की हसू येतं, कारण एल्विन यांना स्वतःची फजिती सांगायची फार हौस. उंदीर, ताप, गळकं छप्पर, सगळं येतं, आणि कुठेही हुतात्म्याचा आव नाही.

(दृश्य : एका घराची ओसरी. कोंबड्या. म्हातारी विडी ओढत कॅमेऱ्याकडे बघते, हसते, तोंड फिरवते.)

आता शामराव बघा. म्हणजे ते दिसणार नाहीत, त्यांची जागा बघा. ओसरी. कुणाचं पोर आजारी आहे, कुणाची सोयरीक अडली आहे, कुणाचा बैल सावकारानं नेला आहे, सगळे येऊन बसणार ते या ओसरीवर. एल्विन आत लिहायला बसलेले असताना बाहेर हा दरबार सांभाळायचा तो शामरावांनी. एल्विन कधी इंग्लंडला, कधी बस्तरला, कधी ओरिसात. मागे घर चालू राहायचं. घर चालू होतं म्हणूनच त्यांना जाता येत होतं. जगात फिरणाऱ्या प्रत्येक मनमौजी माणसामागे घरी थांबणारं कुणीतरी असतं, आणि फिल्म निघते ती नेहमी फिरणाऱ्यावर. आम्हीही तेच करतोय म्हणा.

इकडे चर्चचं आणि एल्विन यांचं जमेना. नागपूरच्या बिशपांनी राजनिष्ठेची शपथ मागितली, यांनी ती घेतली नाही. १९३२ मध्येच इंग्लंडला गेले तेव्हा सरकारनं परतीची वाट अडवली. राजकारणात पडणार नाही असं लिहून दिल्यावरच परत येऊ दिलं. १९३५ मध्ये त्यांनी चर्च सोडलं. पुढे खादीही सुटली, शाकाहारही सुटला, तोंडात सिगार आला. ब्रह्मचर्याचा आग्रह आणि दारूबंदी या डोंगरात लादू नका, असं ते उघड बोलायला लागले. साबरमतीत कधीकाळी बापूंचा मुलगा म्हणवणाऱ्याला हे बोलणं सोपं गेलं नसणार.

(दृश्य : रात्र. करमा नाच. मांदराचा ठेका, एकमेकांच्या कमरेत हात, पायांची रांग.)

इथे जरा थांबू. सगळ्यात जास्त फुटेज आमच्याकडे याचंच आहे, आणि या दोघांचं सगळ्यात सुंदर कामही याच अंगणातलं.

गाणं कसं उतरवायचं? रेकॉर्डर नाही. नाचणारे दमून बसले की एकाला बाजूला घ्यायचं आणि ओळ पुन्हा म्हणायला लावायची. गंमत अशी, की गाणारा तीच ओळ दुसऱ्यांदा वेगळीच म्हणतो. यातली खरी कुठली? दोन्ही. मग शब्दाचा अर्थ. अर्थाच्या आत दडलेला दुसरा अर्थ, जो पाहुण्याला सांगायचा नसतो, पण छोटाभाईला सांगतात. तिथून ते इंग्रजीत न्यायचं. एल्विन यांनी ठरवलेलं होतं, यमक जुळवायचं नाही, गाण्यातलं चित्र तेवढं मोडायचं नाही. आंब्याच्या फांदीला आंब्याचीच फांदी म्हणायचं, तिला प्रेमाचं प्रतीक करायचं नाही.

अशा रात्री जागून १९३५ मध्ये गोंडांच्या गाण्यांचं एक पुस्तक झालं, १९४४ मध्ये मैकल डोंगरातल्या लोकगीतांचं दुसरं. दोन्हींवर दोघांची नावं आहेत. मधल्या काळात एल्विन यांचे ग्रंथ येत राहिले. १९३९ मध्ये बैगांवर, १९४२ मध्ये लोखंड गाळणाऱ्या अगरियांवर, १९४७ मध्ये बस्तरच्या मुरियांवर आणि त्यांच्या घोटुलावर, म्हणजे तरुण मुलामुलींच्या एकत्र राहण्याच्या घरावर. बैगा नांगर धरत नसत. धरती आई आहे, तिची छाती फाडायची नाही. जंगल तोडून, जाळून, राखेत बी पेरायचं, याला ते बेवर म्हणतात. इंग्रजांच्या जंगल खात्यानं बेवर बंद केलं तेव्हा त्यांचं फक्त पीक गेलं नाही. देवाशी झालेला करारच मोडला. हे एल्विन यांनी ज्या ताकदीनं मांडलं, तसं त्याआधी कुणी मांडलेलं नव्हतं, निदान आमच्या वाचनात नाही.

मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांना हे पटलं नाही. आदिवासींना वेगळं काढू नका, ते मागासलेले हिंदूच आहेत, असं त्यांनी १९४३ च्या पुस्तकात मांडलं. तो वाद मोठा आहे, अजून मिटलेला नाही. या फिल्ममध्ये तो मावणार नाही.

(दृश्य : संध्याकाळ. गाडीच्या काचेतून रस्ता. फोकस हललेला.)

१९४० मध्ये एल्विन यांनी कोसी या गोंड मुलीशी गोंड रिवाजानं लग्न केलं. ती त्यांच्याच शाळेतली विद्यार्थिनी होती, वयानं फार लहान. दोन मुलगे झाले. १९४९ मध्ये घटस्फोट. पुढे पाटणगढच्या लीला यांच्याशी एल्विन यांचं दुसरं लग्न झालं. कोसीबाई रैतवार गावात हलाखीत राहिल्या आणि २०१० साली वारल्या. एल्विन यांच्या आत्मचरित्रात या पहिल्या लग्नाला अगदी थोड्या ओळी आहेत. आमच्याकडेही तेवढ्याच. रैतवारच्या फाट्यावर पोचलो तेव्हा उजेड गेला होता.

(दृश्य : पाटणगढ. रंगवलेल्या भिंती. हरीण, मोर, फांद्या फुटलेली शिंगं.)

हे पाटणगढ. करंजियानंतर बडाभाई-छोटाभाईंनी बिऱ्हाड इथे हलवलं. शामराव आणि त्यांच्या पत्नी कुसुमताई यांचा संसार इथला. एल्विन यांचं ऊठबस, जेवणखाण त्याच घरात. आपल्याकडे अशा माणसाला भाऊजी म्हणतात आणि त्याच्या आवडीचं कालवण असलं की वाटीभर बाजूला काढून ठेवतात.

१९४६ मध्ये शामरावांची दोन पुस्तकं आली. एक परधानांवर. परधान म्हणजे गोंडांचे भाट. यजमानाच्या घरी जायचं, त्याची वंशावळ आणि बडादेवाच्या कथा गायच्या, आणि दान घेऊन पुढे निघायचं. पाटणगढ त्यांचंच गाव. दुसरं पुस्तक खुद्द एल्विन यांच्यावर, ‘स्कॉलर जिप्सी’. नाव एका जुन्या इंग्रजी कवितेतलं, ऑक्सफर्ड सोडून भटक्यांच्या टोळीत गेलेल्या विद्यार्थ्याच्या गोष्टीवरून घेतलेलं. एल्विन तेव्हा जेमतेम ४४ वर्षांचे. जिवंत, हिंडत्या-फिरत्या मित्राचं चरित्र लिहून मोकळं व्हायला धीर लागतो. त्यानं वाचलं तर?

भिंतीवरची ही चित्रं मात्र नंतरची. याच गावचा परधान मुलगा, जनगढ सिंग श्याम. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्याला भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात नेलं, आणि परधानांचं गाणं कागदावर चित्र होऊन उतरलं. २००१ मध्ये जपानमध्ये त्याचा मृत्यू झाला. आज या गावात घरटी कुणी ना कुणी चित्रं काढतं. हे ठिपके जवळून बघा. काडीचं टोक, एक ठिपका, श्वास, पुन्हा एक. हरणाच्या एका पायाला आमच्या डोळ्यांदेखत तासभर लागला.

(दृश्य : एल्विन यांचं कृष्णधवल छायाचित्र. सिगार.)

१९५४ मध्ये एल्विन यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. त्याच वर्षी ते नेफाचे, म्हणजे आजच्या अरुणाचलचे, आदिवासीविषयक सल्लागार म्हणून शिलाँगला गेले. नेहरूंचा त्यांच्यावर विश्वास. १९६१ मध्ये पद्मभूषण. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत हृदयविकारानं गेले. अंत्यसंस्कार शिलाँगला, बौद्ध पद्धतीनं. तिकडचं चित्रीकरण आमच्याकडे नाही.

शामराव शिलाँगला राहायला गेले नाहीत. ते पाटणगढलाच राहिले.

(दृश्य : ओसरी. म्हातारा परधान बाना काढतो. तीन तारा, घोड्याच्या केसांचा गज. खुंटी पिळतो, कान लावतो, पुन्हा पिळतो.)

हा बाना. परधानाचा देव यात बसतो, म्हणून वाजवण्याआधी त्याला मोहाची धार द्यावी लागते. सकाळी वेचलेली फुलं आठवा.

इथून पुढे निवेदन नाही. बाना पूर्ण वाजू द्या.