अंगणासाठी किती ब्रास?

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळी सरली की खडी-मुरमाचे ट्रक गल्लीबोळांतून फिरायला लागतात. कुणाला गाडीपुरते पेव्हर ब्लॉक बसवायचे असतात, कुणाला फाटकापासून पडवीपर्यंत पायवाट हवी असते. ठेकेदार जागेवर एक नजर टाकतो आणि म्हणतो, "दोन ब्रास मुरूम, एक ब्रास खडी. झालं." हा हिशेब तुम्हाला घरीच करता येतो.

ब्रास म्हणजे १०० घनफूट. एक इंच जाडीने पसरला तर एक ब्रास माल १२०० चौरस फुटांना पुरतो. म्हणून जागेचे चौरस फूट गुणिले थराची जाडी इंचांत, भागिले १२००. उत्तर थेट ब्रासमध्ये मिळतं. आळं गोल असेल तर व्यासाला व्यासाने गुणायचं आणि त्याचे बारा आण्यांहून किंचित जास्त, म्हणजे ०.७८५ पट धरायचे. वळणावळणाची पायवाट असली तर सुतळी मधोमध टाकून लांबी घ्या, कडेने नको.

लांबी-रुंदी सहसा कुणी चुकवत नाही. गडबड होते ती जाडीत. "दोन-तीन इंच टाकू" असं आपण सहज बोलून जातो, पण दोनाचे तीन झाले की माल दीडपट लागतो!

वीस बाय पंधराची गाडीची जागा घेऊ, ३०० चौरस फूट. खाली सहा इंच मुरूम, म्हणजे दीड ब्रास. पण हा दीड ब्रास चोपून बसलेला हवा. ट्रकमधून पडतो तो मुरूम सुटा असतो. पाणी मारून रोलर फिरवला की चांगलाच दबतो. म्हणून पाव हिस्सा वाढवायचा, पावणेदोनाच्या वर जातं, दोन ब्रास मागवावा. त्यावर तीन इंच खडी, पाऊण ब्रास. ती फार दबत नाही, दहावा हिस्सा जादा पुरे. मग ब्लॉकखाली दीड इंच कच, म्हणजे खडीचा बारीक चुरा, किंवा वाळू, अर्ध्या ब्रासच्या आत काम होतं. काळ्या मातीत मुरमावर काटकसर करू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे ब्लॉक हलवते. कोकणात खाली जांभ्याचा कातळ लागला तर हाच थर पातळ चालतो.

वाळूचं प्रकरण मात्र वेगळं आहे. ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात, आणि तेवढीच वाळू पाव हिश्शाने जास्त दिसू शकते. पूर्ण भिजली की परत खाली बसते. घरी पाहायचं असेल तर काचेची सरळ बरणी घ्या. वाळू न दाबता २० सेंटिमीटरपर्यंत भरा, मग ती दुसऱ्या भांड्यात काढा. बरणीत अर्ध्यापर्यंत पाणी ओता, वाळू थोडी थोडी परत सोडा, काडीने ढवळा आणि बसू द्या. ती १६ वर आली तर १६ ला ४ ची फूग, म्हणजे २५ टक्के. अशी वाळू मापावर घेतली तर एक ब्रासच्या पैशांत खरी वाळू मिळते ८० घनफूट. काट्यावर वजन करून घेतली तरी पाण्याचं वजन तुमच्याच माथी. कोरडी वाळू मिळाली तर उत्तमच, नाहीतर भावातच बोलून घ्या.

माल आला की रिकामा करण्याआधी टेप काढा. हौद आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि माल अडीच फूट उंच असेल तर दीड ब्रास झाला. उंची मधल्या ढिगाची धरू नका. माल सपाट करायला लावा आणि चार कोपऱ्यांत सळई तळापर्यंत खुपसून बघा. ड्रायव्हर कुरकुरेल, कुरकुरू दे.

किरकोळ कामाला ट्रक नकोच. आंब्याचं आठ फुटी आळं दोन इंच खडीने झाकायला साधारण साडेआठ घनफूट लागतात. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत सव्वा घनफूट बसतं, तेव्हा सात गोण्यांत काम होतं.

आणि हो, गाडीच्या जागेसाठी ब्लॉकची जाडी धरून तेराएक इंच खणावं लागेल. ती माती निघते सव्वातीन ब्रास, आणि सुटी झाल्यावर आणखी फुगते. ती कुठे टाकायची हे खणायच्या आधी ठरवा. नंतर ती उचलायचा वेगळा भाव सांगतात.