दहा कोंबड्यांचं खुराडं

मंडळी, आल्या आल्या दोघातिघांनी मला एकच प्रश्न विचारला: दहा कोंबड्या आहेत, खुराडं केवढं बांधू? मी उलट विचारलं, कोंबड्या दिवसातले किती तास आत असणार? खुराड्याचं माप कोंबड्यांच्या संख्येआधी या तासांवर ठरतं.

गावठी कोंबड्या सकाळी सुटल्या, दिवसभर माडाच्या आळ्यांतून उकरत फिरल्या आणि दिवेलागणीला परतल्या, तर खुराडं ही नुसती झोपायची जागा. एका पक्ष्याला दोन चौरस फूट पुरतात. दहांना पाच बाय चार. पण शेजाऱ्यांची भाजी आहे, रस्ता आहे, भटकी कुत्री आहेत, म्हणून त्यांना कायम कोंडून ठेवायचं असेल, तर याच वीस चौरस फुटांत पिसं उपटणं सुरू होतं. मग मी आत पक्ष्यामागे चार चौरस फूट धरते आणि बाहेर जाळीचं अंगण, तेही पक्ष्यामागे आठ ते दहा चौरस फुटांचं. कुणी म्हणेल, मोठ्या शेडमध्ये तर पक्ष्यामागे दोन-अडीच चौरस फुटांत अंडी काढतात. काढतात, पण तिथे सगळे पक्षी एका वयाचे, एका जातीचे, आणि बहुधा चोची कापलेले. आपल्याकडे एक म्हातारी, दोन तलंगा म्हणजे कोवळ्या कोंबड्या, एक गिरिराज जातीची आणि एक दांडगा कोंबडा.

नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे यांनी 1921 मध्ये कोंबड्यांतली टोचण्याची उतरंड मांडली. कुणी कुणाला टोचायचं, हे कळपात ठरलेलं असतं. तळाच्या कोंबडीला पळायला जागा लागते. ती मिळाली नाही की ती भांड्याजवळ फिरकत नाही, वाळते, अंडं देत नाही, आणि आपण म्हणतो, हिला रोग झाला. जागेइतकंच महत्त्व खाण्याच्या दुसऱ्या भांड्याला आहे. ते पहिल्यापासून लांब ठेवा, म्हणजे दांडगीला दोन्हीकडे पहारा देता येत नाही.

आता आपल्या कोकणाचा मुद्दा, आणि हा छापील तक्त्यांत सापडत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत धो-धो पावसात कोंबडी बाहेर पडत नाही. जानेवारीच्या हिशेबानं बांधलेलं खुराडं जुलैत अपुरं पडतं. सगळा वेळ आत, खाली पसरलेलं भाताचं तूस ओलं, आणि ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. उभ्यानं वास घेऊ नका, कोंबडीच्या उंचीवर बसून घ्या. डोळे चुरचुरले तर तिचेही चुरचुरतायत. रक्ती हगवणीलाही हीच ओल लागते. म्हणून खुराडं मोठं करण्याऐवजी त्याला पडवी काढा: चार खांब, वर पत्रा किंवा झावळ्या, बाजूंना जाळी. स्वस्तात जागा दुप्पट होते आणि उकरायला कोरडी माती मिळते. खुराड्याची जमीन मात्र चिऱ्यांवर दीड-दोन फूट उचलून घ्या.

रात्री कोंबडीला जमीन नको, दांडी हवी. एकीला आठ इंच, म्हणजे दहांना पावणेसात फूट. पाच फुटी खुराड्यात एक दांडी पुरत नाही. दोन घाला, पण एकाच उंचीवर आणि फूटभर अंतरानं. एक उंच ठेवलीत तर रोज संध्याकाळी तिच्यासाठी भांडणं. अंड्यांच्या पेट्या मात्र दोन-तीन पुरे. दहा केल्या तरी सगळ्याजणी एकीतच रांग लावतील.

आणि वाढीचं काय? एक खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, तुम्ही तिला दहा-बारा अंड्यांवर रवणाला बसवलं, 21 दिवसांनी पिल्लं. माप घेताना आजची नव्हे, पुढच्या वर्षीची मोजणी धरा, नाहीतर नर वेळेवर विकायची मनाची तयारी ठेवा. रवणासाठी एक कोपरा जाळीनं वेगळा काढता आला, तर फार उत्तम.

सुताराला एक गोष्ट बजावून सांगा. माणूस आत शिरू शकणार नसेल, तर दारापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर अडीच फुटांपेक्षा जास्त नको; तेच वीस चौरस फूट पाच बाय चारऐवजी आठ बाय अडीचमध्ये बसवा. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस द्यायची तर रात्री एकेक पक्षी हातानं धरायचा असतो. मागच्या कोपऱ्यात हात पोचला नाही, तर तिथलीच कोंबडी लसीविना राहते. जाळीही अर्ध्या इंचाची, वेल्डिंगची घ्या. ती षटकोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही.