अंगात राहिलेला हादरा

[दृश्य: हिंगोली जिल्ह्यातलं गाव. घरांपुढे जमलेली माणसं.]

21 मार्च 2024. सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात जमीन हलली. तीव्रता 4.5. नांदेड, परभणीतही हादरे जाणवले. माणसं घराबाहेर धावली, आणि बाहेर आल्यावर एकमेकांना विचारू लागली, "भूकंपच होता ना?"

हा क्रम नीट बघा. पाय उंबऱ्याबाहेर पडले, त्यानंतर प्रश्न पडला.

मेंदूच्या आत खोलवर अमिग्डला नावाचा बदामाएवढा एक भाग असतो. एखादा आवाज, एखादी थरथर पूर्वीच्या धोक्याशी जुळली, की आपल्याला काही कळायच्या आत तो शरीराला कामाला लावतो. छाती धडधडते, हातपाय पळायला तयार होतात. काय झालं, हे जाणिवेपर्यंत थोडं उशिराच पोचतं.

[दृश्य: किल्लारी. जुन्या गावठाणातले दगड.]

मराठवाड्यात या भीतीला तारीख आहे. 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून, दमूनभागून गावं झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, किल्लारी-सास्तूर पट्ट्यात, जवळपास 10 हजार माणसं गेली. चिखलात रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भर उन्हाळ्यात ज्या घराचा गारवा लागायचा, तेच घर अंगावर आलं. त्या पहाटे पाळण्यात असलेली लेकरं आज तिशी ओलांडून गेली आहेत.

[दृश्य: पुनर्वसित गावातलं घर. दाराला लागून बाज.]

या घरातल्या आजींची बाज दाराला चिकटून असते. उशाशी बॅटरी. चपला बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवलेल्या, पाय घातले की निघता यावं अशा. "आजी, आतल्या खोलीत का झोपत नाही?"

"उकडतंय वं माय आत."

चैत्र-वैशाखात हे पटतं. पौषात, दाराच्या फटीतून गार वारं येत असताना पुन्हा विचारलं, तर उत्तर वेगळं येतं. "म्हातारं माणूस. रात्री उठावं लागतंय." कारण बदललं, बाज जागची हलली नाही.

आजी खोटं बोलत नाहीत. हे घर सिमेंटचं आहे, पक्कं आहे, हे त्यांना ठाऊक आहे. पाहुण्यांना त्या स्वतःच तसं सांगतात. पण बाज कुठे टाकायची, हे त्या माहितीवर ठरत नाही. ते ठरवणारं मन बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने दुसरं, बोलणारं मन उत्तर देतं, आणि ते उत्तर त्याला स्वतःला खरंच वाटतं.

1970 च्या दशकात अमेरिकेत मायकेल गझॅनिगा आणि जोसेफ लेडू या मेंदूशास्त्रज्ञांना हे एका रुग्णात उघड दिसलं. अपस्मारावरच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजारावरच्या उपचारासाठी त्याच्या मेंदूचे दोन अर्धे जोडणारे तंतू कापलेले होते. त्यांनी बोलणाऱ्या डाव्या अर्ध्याला कोंबडीचा पंजा दाखवला, उजव्याला बर्फात बुडालेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारी चित्रं निवडायला सांगितलं. एका हाताने कोंबडी निवडली. दुसऱ्या हाताने, बर्फ बघितलेल्या अर्ध्याच्या सांगण्यावरून, फावडं. फावडं कशाला? बोलणाऱ्या अर्ध्याने बर्फ पाहिलाच नव्हता. तरी तो अडला नाही: कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं ना!

आणि त्याच्याही आधीची, 1911 सालची एक नोंद आहे. जिनिव्हाचे डॉक्टर एडवार्ड क्लापारेद यांच्या एका रुग्ण बाईंना नवं काहीच आठवत नसे. डॉक्टरांनाही त्या दर वेळी नव्याने भेटत. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून हात मिळवला. पुढच्या भेटीत बाईंनी हात मागे घेतला. टाचणी टोचल्याचं त्यांना आठवत नव्हतं, हाताला मात्र ते माहीत होतं.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने नेणिवेत, म्हणजे आपल्याला न कळणाऱ्या मनात, दडपलेल्या इच्छा शोधल्या. त्याची मतं आज सगळी मान्य होत नाहीत. पण आपल्या वागण्याचा मोठा भाग आपल्याला न विचारता ठरतो, हे त्याचं म्हणणं टिकून आहे.

[दृश्य: रात्र. गावातला रस्ता, दिवे.]

"काही होत नाही, उगाच घाबरता." हे वाक्य गावोगाव ऐकू येतं, आणि ते फार अन्यायाचं आहे. समजावून सांगितलेलं जाणिवेला कळतं. अंगाला कळायला सुरक्षित गेलेल्या पुष्कळ रात्री लागतात. तेवढ्यानेही जुनी भीती पुसली जात नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हने घंटेबरोबर खाणं देऊन कुत्र्यांना नुसत्या घंटेवर लाळ सुटायची सवय लावली होती. खाण्याशिवाय घंटा वाजवत राहिल्यावर ती लाळ थांबली, तरी काही काळाने पुन्हा सुटायची. नवी शिकवण जुनीच्या वर बसते, जुनी खाली तशीच असते. 2022 च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीखालून आवाज येऊ लागले आणि गाव धास्तावलं. किल्लारी त्याच लातूर जिल्ह्यातलं. त्या माणसांना अडाणी म्हणायचा कुणाला अधिकार नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. अंगाने जो धडा घेतला, तो माळवदाच्या घराचा आहे: पळा, बाहेर पडा. आजच्या पक्क्या इमारतीत हादरे सुरू असताना जिन्यावरून धावणं हे जास्त धोक्याचं ठरू शकतं. तिथे मजबूत टेबलाखाली बसायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा. अंथरुणात असाल तर तिथेच राहून उशीने डोकं झाकायचं. हे वाचून पाठ होतं, पण ऐन वेळी पाठांतर कामाला येत नाही.

सराव मात्र येतो. हेन्री मोलेसन या अमेरिकी माणसाची नवी आठवण साठवण्याची क्षमता 1953 च्या शस्त्रक्रियेत गेली होती. तरीही आरशात बघून चांदणी गिरवण्यात त्याचा हात दिवसेंदिवस सफाईदार होत गेला. आधी कधी गिरवल्याचं त्याला आठवतच नसे.

[दृश्य: जिल्हा परिषदेची शाळा. बाकांखाली वाकलेली मुलं.]

म्हणून 30 सप्टेंबरला श्रद्धांजलीच्या भाषणाबरोबर एवढं तरी व्हावं. मुलांनी बाकाखाली जाऊन बघावं, एकदा नाही, महिन्याला एकदा. घरीही करावं, लाईट घालवून, अंधारात. आणि आजींना त्यात घ्यावं. त्यांच्याकडून बाज हलवून घेण्याची घाई करू नये. आधी उशी डोक्यावर घ्यायची सवय त्यांच्या हाताला लागू द्यावी.