टायमिंग बेल्ट किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर मरतो

बसा बसा, मागं उभे असलेले पुढं या, खुर्च्या रिकाम्या हायत. आवाज येतोय ना शेवटपर्यंत? हां, मग माईक राहू द्या.

मला म्हणले जुन्या स्पोर्ट्स कारवर बोला. म्हणलं बोलतो, पण एकाच पट्ट्यावर बोलतो. कारण जुनी गाडी घ्यायला गेलेला माणूस रंग बघतो, सीट बघतो, सायलेन्सरचा आवाज ऐकून खुश होतो, मीटर बघून तर लईच खुश होतो की अरे फक्त ३८,००० चाललीय, आणि हा पट्टा प्लास्टिकच्या कव्हरमागं असतो म्हणून कुणी बघतच नाही. मीपण नव्हता बघितला. ते सांगतो पुढं.

गिरणीचा पट्टा सगळ्यांनी बघितलाय. सपाट असतो, घसरतो, एखाद्या वेळी उडून बाजूला पडतो, मग गिरणीवाला शिव्या देत मोटर बंद करतो, पट्टा चढवतो, दळण पुढं चालू. नुकसान काय, तर पाच मिनिटं. टायमिंग बेल्ट तसला नाही. त्याला आतून दात असतात, ते क्रँकच्या (पिस्टननं फिरणारा खालचा दांडा) आणि कॅमच्या (व्हॉल्व उघडणारा वरचा दांडा) पुलीत बसतात, आणि क्रँकचे दोन फेरे होईपर्यंत कॅमचा एकच फेरा व्हायला पाहिजे, ना कमी ना जास्त. ६००० आरपीएमला, म्हणजे क्रँकचे मिनिटाला ६००० फेरे, कॅम मिनिटाला ३००० वेळा फिरतो, म्हणजे एकेक व्हॉल्व, हवा आणि धूर आत-बाहेर सोडणारी झडप, सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. हे सगळं एका रबराच्या पट्ट्याच्या जीवावर.

आता आमच्या घरी उखळ होतं. मिरची कांडायला आजी आणि काकू समोरासमोर बसायच्या, उखळ एक, मुसळं दोन. एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली, गप्पा चालू, उखळाकडं कुणी बघायचं पण नाही. लय चुकली की मुसळावर मुसळ. सिलेंडरमध्ये हेच चाललेलं असतं. पिस्टन वर येतो त्या जागेत थोड्या वेळापूर्वी व्हॉल्व खाली उतरलेला असतो, दोघांना जागा एकच, फक्त वेळ वेगळी. पट्टा गेला की कॅम जिथल्या तिथं थांबतो, काही व्हॉल्व उघडेच राहतात, आणि क्रँक तर गाडीच्या वेगानं अजून फिरतच असतो, मग पिस्टन येऊन खालून ठोकतो. अशा इंजिनाला इंटरफेरन्स इंजिन म्हणतात.

स्पोर्ट्स कारमध्येच हे जास्त कामून? कारण कंप्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, जास्त पाहिजे तर पिस्टनच्या वरची जागा कमी ठेवावी लागते, आणि हवा जास्त पाहिजे तर व्हॉल्व मोठे आणि खोल उघडणारे पाहिजेत. दोन्ही एकदम मागितलं की मधली फट संपते. सगळ्याच असल्या नसतात बरं का. माझदाची पहिली एमएक्स-५ घ्या, तिच्यात बेल्ट तुटला तर गाडी रस्त्याकडेला उभी राहते, नवा बेल्ट टाका, घरी जा. डिझेलमध्ये मात्र ही सवलत जवळपास नसतेच.

बरं हा पट्टा आला कुठून. जर्मनीत बव्हेरियामध्ये ग्लास नावाची छोटी कंपनी होती, तिनं १९६२ साली १००४ नावाच्या गाडीत पहिल्यांदा दातेरी पट्टा लावला. कंपनी पुढं बीएमडब्ल्यूनं घेतली. मग १९६६ ला फियाटच्या १२४ स्पोर्टमध्ये ट्विन कॅमवर, म्हणजे दोन कॅमच्या इंजिनावर, पट्टा आला, ते इंजिन ऑरेलिओ लाम्प्रेदीचं, जो आधी फेरारीची इंजिनं काढायचा. आणि १९७३ ला फेरारीनंपण पट्टा घेतला, ३०८ जीटी४ मध्ये आणि बॉक्सर नावाच्या गाडीत. आधी ह्या कामाला लोखंडी चेन असायची, पट्टा तिच्यापेक्षा हलका, आवाज नाही, तेल लागत नाही, स्वस्त. पण जागा बघा काय दिली त्याला! टेस्टारोसा, ३४८, एफ३५५, ह्या गाड्यांचा पट्टा बदलायचा तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. ३६० मध्ये सीटमागची झाकणं काढून हात घालता यायला लागला, आणि एफ४३० मध्ये त्यांनी सरळ चेनच लावली. पोर्शे ९४४ चं उदाहरण वेगळं. तिथं दोन पट्टे, एक कॅमचा, एक बॅलन्स शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची थरथर मारणाऱ्या दांड्याचा, आणि बॅलन्सवाला तुटून कॅमवाल्यात अडकला की दोघांची एकदमच वाट.

हे सगळं परदेशातलं ऐकून तुम्ही म्हणाल आमच्या गावात कुठं फेरारी. मान्य. २०१० साली आपल्या संभाजीनगरनं, तेव्हाच्या औरंगाबादनं, एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, पण त्या चेनवाल्या, त्यांचं दुखणं निराळं. आपल्याकडं पोरं जपून ठेवायलेत त्या गाड्या म्हणजे जुनी होंडा सिटी व्हीटेक, पॅलिओ १.६, आणि आपल्या शेंद्र्यातच जोडलेली ऑक्टेव्हिया आरएस, १.८ टर्बो, सिलेंडरला पाच असे वीस व्हॉल्व. तिन्ही पट्ट्यावाल्या. वीस व्हॉल्व ऐकायला भारी वाटतं, वाकल्यावर मोजताना नाही वाटत.

आता माझं. गाडीचं नाव सांगत नाही, चूक माझी होती, कंपनीची नाही. दोन दारांची, लाल, सोळा व्हॉल्वची, सतरा वर्षं जुनी, लातूरला एका घरी शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. धूळसुद्धा नाही. मीटरला ३८,०००. मालक म्हणले बेल्ट कंपनीचाच आहे, एक लाखाला बदलायचा असतो, अजून निम्मापण झाला नाही. आणि मी, आयुष्य गॅरेजात काढलेला माणूस, मान डोलावली! बॅटरी टाकली, तेल बदललं, निघालो. अंबाजोगाई, केज, काही नाही, मस्त. मे महिना, दुपारी दीड, बाहेर आगीसारखं ऊन. मांजरसुंब्याच्या अलीकडं ट्रकमागं ॲक्सिलेटर सोडला आणि टक. मोठा आवाज नाही, काचेवर खडा लागावा एवढाच. इंजिन गेलं, मीटरवरचे सगळे दिवे लागले.

आता ऐका मी काय केलं ते. मी सेल मारला. एरवी सेल मारल्यावर इंजिन धापा टाकत फिरतं ना, ते कंप्रेशनमुळं. माझं सूंSS करून मोकळं फिरायलं, शिलाई मशीनसारखं. तिथंच कळायला पाहिजे होतं. पण मी अजून चार वेळा मारला, वरून हॉटेलवरचे पाच-सहा जण आले, म्हणले काका धक्का देऊ का, म्हणलं द्या. सेकंड गिअरला क्लच सोडला. पहिल्या फटक्यात जे दोन-चार व्हॉल्व थोडके वाकले असतील, त्यांचं मी धक्का मारून पुरतं कल्याण केलं.

टेम्पोत घालून आणली. आमच्याकडं एक चाचा आहेत, मला काम शिकवलेले. त्यांनी एक शब्द बोलला नाही, बेल्टच्या कव्हरच्या दोन क्लिपा काढल्या आणि बाजूला सरकले, की तूच बघ. पट्टा तुटलेला नव्हताच. जागेवर होता, फक्त क्रँकच्या पुलीपाशी सात-आठ दात सोलून गेले होते, जुन्या कंगव्यासारखे. पुली तिथं सगळ्यात लहान, ताण सगळ्यात जास्त, म्हणून तिथंच जातात. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं तर सोळातले अकरा व्हॉल्व वाकलेले, दोन गाईड, म्हणजे व्हॉल्व ज्यात सरकतो त्या नळ्या, तडकलेले, एका पिस्टनवर चंद्रकोरीसारखा ठसा. ते व्हॉल्व मिळवायला मला चार महिने लागले, आणि खर्च बायकोला अजून खरा सांगितलेला नाही, तर तुम्हाला काय सांगू.

चाचा एवढंच म्हणले, "बेटा, रबर को मीटर पढना नहीं आता."

रबर उभ्या गाडीतपण म्हातारं होतं. इंजिन गरम होणं, गार होणं, वर आपल्याकडची ४२-४३ डिग्री, आणि वर्षानुवर्षं एकाच जागी एकाच वळणात दाबून बसणं. रोज चालणाऱ्या गाडीचा बेल्ट किलोमीटरवर तरी बदलला जातो, ताडपत्रीखालच्या गाडीचा कधीच नाही, म्हणून लाडकी गाडीच आधी मरते. डोळ्यांनी बघून पास करू नका, जुन्या रबराला भेगा तरी पडायच्या, नव्या मटेरियलचा बेल्ट वरून चकचकीत दिसतो आणि आतला धागा गेलेला असतो. गाडी चालो न चालो, चार-पाच वर्षांत बदला, आणि कागद नसेल तर बदललेलाच नाही असं धरा, मालक कितीही शपथा घेऊ द्या.

आणि नुसता बेल्ट टाकू नका. पट्टा ताणून धरणारा टेंशनर, त्याला वाट दाखवणारी चकती आयडलर, आणि पट्ट्यावर चालणारा असेल तर वॉटर पंप, हेपण बदला. पंपाचं बेअरिंग जाम झालं की नवाकोरा बेल्टपण दात सोडतो. कॅमचं, क्रँकचं ऑइल सील गळत असेल तर तेपण त्याच हातानं, तेल पिलेलं रबर फुगतं. बसवून झाल्यावर मार्क जुळवून इंजिन पान्यानं हातानं दोन फेरे फिरवायचं, कुठं अडलं तर तिथंच थांबायचं, जोर लावायचा नाही. मग सेल.

प्रश्न? हां बोला. "चेन बसवून घेता येते का?" नाही हो. अख्खं पुढचं इंजिन वेगळं असतं, कास्टिंगपासून. आणि चेन अमर नसते, ताणली जाते, तिला धरून ठेवणारी पट्टी झिजते, फक्त ती जायच्या आधी बहुतेक वेळा खडखड करून सांगते. पट्टा सांगत नाही.

"चढावर गिअरमध्ये लावलेली गाडी मागं सरकली तर?" चांगलं विचारलं. क्रँक उलटा फिरतो, ढिली बाजू ताणली जाते, टेंशनर दमलेला असेल तर पट्टा दात उडी मारू शकतो. म्हणून हँडब्रेक नीट ओढा, चाकामागं दगड ठेवा, आपल्या ट्रकवाल्यांसारखा.

अजून एक? "तुमची लाल गाडी चालू आहे का?" आहे की, तिच्यातूनच आलोय. खाली लिंबाखाली उभी आहे. बॉनेटच्या आत स्केचपेननं तारीख लिहिलीय, बेल्ट कधी टाकला ती. चला, कव्हर उघडून दाखवतो, दोनच क्लिपा हायत.